नागपुरात छोटा धंदा वाढवायचाय? आधी बिनकमाईची कामं कमी करा

ज्यांचा धंदा दोन-चार माणसांचा आहे, दिवसभर हात रिकामा नसतो आणि तरी महिनाअखेरीस हातात फारसं काही उरत नाही, त्यांच्यासाठी हा लेख. ऑर्डरी वाढल्या की आपण लगेच माणूस ठेवायचा किंवा कर्ज काढायचा विचार करतो. माझं सांगणं एवढंच, की त्याआधी आपले तास कुठे जातात ते बघा. फुकट जाणारे तास तसेच ठेवून माणूस ठेवला, तर त्याचेही तास तसेच फुकट जातात आणि वरून पगार लागतो.

मी आणि माझी जाऊ नंदनवनात मसाल्याचं काम करतो. तिखट, हळद, धनेपूड आणि सावजी मसाला. त्यामुळे उदाहरणं मसाल्याची येतील. पण शिवणकाम, डबे, फ्लेक्स छपाई, कूलर दुरुस्ती, कोणताही धंदा घ्या, पायऱ्या याच आहेत.

एक गोष्ट आधीच ठरवा: हे काम ऐन हंगामात सुरू करू नका. आपल्याकडे वर्षाचं तिखट-हळद करून ठेवायची घाई फेब्रुवारीपासून मेपर्यंत असते. कूलरवाल्यांचंही तेच. पावसाळ्यात किंवा पोळा झाल्यावर, दसरा-दिवाळीची गडबड सुरू व्हायच्या आत हे हाती घ्या.

हाताशी काय लागेल

- दोनशे पानी वही आणि दोन रंगांचे पेन
- मागच्या तीन महिन्यांची बिलं, खरेदीच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट
- उधारीची वही किंवा मोबाइलमधलं खातं
- आधार, पॅन, बँक खात्याचा क्रमांक आणि आयएफएससी कोड (उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, अजून नसेल तर)
- आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असलेला
- जीएसटी असेल तर मागची भरलेली रिटर्न्स, खाद्यपदार्थाचा धंदा असेल तर अन्न परवान्याची प्रत

१. आठवडाभर वही लिहा

दर अर्ध्या तासाला एक ओळ लिहायची. काय केलं, कुणासाठी, किती वेळ लागला. "दुकानाचं काम" असं मोघम लिहू नका. "महालात एका गिऱ्हाइकाला अर्धा किलो हळद पोचवली, जाऊन-येऊन सव्वा तास" असं लिहा. घरातली कामंही लिहा, कारण घरून धंदा करणाऱ्या बाईचा निम्मा दिवस त्यांतच जातो आणि हिशोबात मात्र तो कुठेच दिसत नाही.

रात्री बसून दिवसभराचं आठवून लिहाल तर वही खोटी होते. आपल्याला मोठी कामं आठवतात, मधली पंधरा-पंधरा मिनिटं विसरायला होतात, आणि गळती नेमकी तिथेच असते. सोबत काम करणाऱ्यांनाही लिहायला सांगा, पण आधी नीट समजावून. नाहीतर त्यांना वाटतं आपल्यावर पाळत ठेवून राहिले.

२. प्रत्येक ओळीपुढे खूण करा

कमाईच्या कामाला "क". माल बनवणं, विकणं, नवीन गिऱ्हाईक भेटणं, पैसे घेणं. गरजेच्या कामाला "ग". रिटर्न भरणं, मशीन साफ करणं, परवान्याचं नूतनीकरण. यातून थेट पैसा येत नाही, पण टाळताही येत नाही. उरलेल्याला "फ", म्हणजे फुकट गेलेलं.

इथे नवखे लोक हमखास गोंधळतात. "ग" कामांचा कंटाळा असतो म्हणून त्यांनाच कात्री लावतात आणि मग विलंब शुल्क भरत बसतात. "ग" कामं कमी वेळात कशी होतील हे बघायचं, ती सोडायची नाहीत. आणि ज्या "फ" कामाला आपण सेवा म्हणतो, ते लवकर ओळखू येत नाही. जुनं गिऱ्हाईक फोन करतं, "ताई, पाव किलो धनेपूड पाठवता का?", आणि आपण गाडी काढतो. आपल्याला वाटतं संबंध जपला.

"फ" शोधायला टोयोटा कंपनीतल्या ताइइची ओनो यांची यादी फार कामाला येते. कारखान्यात वाया जाणाऱ्या गोष्टींचे त्यांनी सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट बघणं, मालाची उगाच ने-आण, नको तेवढी प्रक्रिया, पडून राहिलेला साठा, माणसाची नाहक हालचाल आणि बिघडलेला माल. मोटारींच्या कारखान्यातली यादी घरगुती धंद्याला कशाला, असं वाटेल. पण ती घेऊन आपल्याच पॅकिंगच्या जागेपाशी तासभर उभं राहून बघा.

आमचा वजनकाटा स्वयंपाकघराच्या ओट्यावर होता, कारण प्लग तिथे. सीलिंग मशीन पुढच्या खोलीत, लेबलं कपाटात, खोके गॅलरीत. जाऊ वजन करायची, परात घेऊन पुढे यायची, सील मारायची, लेबलं काढायला कपाटापाशी जायची, मग खोक्याकडे. आम्ही एक लांब टेबल लावलं. डावीकडे मसाल्याचं पातेलं, मग काटा, मग मशीन, मग लेबलांचा गठ्ठा, उजव्या टोकाला जमिनीवर खोका. लांब वायरचा एक बोर्ड घेतला, बाकी खर्च काही नाही. आता पाऊच डावीकडून निघतं ते खोक्यातच पडतं, मध्ये उठावं लागत नाही. संध्याकाळी पाय दुखायचे थांबले, हा वेगळाच फायदा.

३. किलोमागे नाही, तासामागे किती उरलं ते काढा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक जण नग किंवा किलोमागचा नफा बघतात आणि तिथेच फसतात. खालचे आकडे समजावण्यापुरते धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

सावजी मसाल्याचं ५० ग्रॅमचं पाऊच दुकानदाराला ३२ रुपयांना जातं. आत २० रुपयांचा माल, २ रुपयांचं पाऊच-लेबल. एका पाऊचमागे १० रुपये उरले. तोच मसाला एखाद्या भोजनालयाला एक किलोच्या पॅकमध्ये ५२० रुपयांनी दिला, माल ४०० चा आणि पिशवी ५ रुपयांची, तर किलोला ११५ रुपये उरले. पाऊचचा किलोमागे हिशोब केला तर २० पाऊच, म्हणजे २०० रुपये. कुणीही म्हणेल पाऊचच विका.

आता वही उघडा. १०० पाऊच भरणं, सील मारणं, लेबल लावणं, खोक्यात रचणं, यात ४ तास. ते आठ किराणा दुकानांत पोचवणं, जुने बदलून देणं आणि पैशासाठी परत जाणं, यात ६ तास. १० तासांत १००० रुपये, म्हणजे तासाला १००. भोजनालयाचे १० किलो भरायला १ तास आणि पोचवून पैसे घ्यायला १ तास. २ तासांत ११५० रुपये, म्हणजे तासाला ५७५.

किलोमागे जो माल निम्म्याच्या जवळपास कमाईचा वाटत होता, तो तासामागे पावणेसहा पट निघाला. तुमच्या प्रत्येक मालाचं असं गणित मांडा आणि वरून खाली क्रम लावा. मग खालचे दोन-तीन प्रकार बंद करण्याचा विचार करा. वजनांचे प्रकारही कमी करा. पाकीटबंद मालात प्रत्येक वेगळ्या वजनासाठी निव्वळ वजन आणि एमआरपी असलेलं वेगळं लेबल छापावं लागतं, आणि छापखाना कमी प्रतींना दर जास्त लावतो. पाच वजनांऐवजी दोन ठेवली की लेबलं, पाऊचचा साठा आणि मोजणी, सगळंच कमी होतं.

तरी पाऊच एका झटक्यात बंद करू नका. छोटं पाकीट घरोघरी नाव पोचवतं, आणि लग्नाचा स्वयंपाक करणारा आचारीही कधी तेच बघून फोन करतो. आठपैकी जी तीन दुकानं रोख देतात आणि माल संपण्याआधी स्वतः फोन करतात, ती ठेवा. दुसरा धोका म्हणजे सगळे तास एकाच मोठ्या गिऱ्हाइकाला देणं. त्याने आचारी बदलला की तुमचा मसाला बदलतो. एकाच गिऱ्हाइकाकडे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त विक्री जायला लागली की दुसरं शोधायला निघा.

४. फेऱ्यांना वार लावा

नागपूर चारही बाजूंनी पसरलं आहे. सकाळी खामला, दुपारी जरीपटका आणि संध्याकाळी हुडकेश्वर अशी गाडी फिरवली तर पेट्रोलही जातं आणि दिवसही. भागांना वार ठरवून द्या. उदाहरणार्थ, मंगळवारी धरमपेठ, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला. गुरुवारी सक्करदरा, मानेवाडा, हुडकेश्वर. शनिवारी सदर, जरीपटका, मानकापूर. गिऱ्हाइकाला सांगताना "येता येणार नाही" म्हणू नका. "तुमच्या भागात गुरुवारी येते, बुधवारी संध्याकाळपर्यंत ऑर्डर सांगा" म्हणा. बहुतेक लोक दोनेक आठवड्यांत याला सरावतात. ज्याला आजच हवं त्याला पार्सल नेणाऱ्या दुचाकीने पाठवा आणि भाडं त्याच्याकडून घ्या. भाडं सांगितलं की निम्म्या लोकांची घाई संपते.

खरेदीचंही तसंच. इतवारीच्या किराणा ओळीत दर दोन दिवसांनी जाण्याऐवजी महिन्याची यादी करून दोनदाच जा. पाऊच, खडा मसाला आणि खोके एकाच चकरेत आणा. मिरचीसाठी कळमन्याला जायचं तर सकाळी लवकर, आणि मालाचा अंदाज असलेलं माणूस सोबत घेऊन.

५. दुसरा स्वस्तात करतो ते काम आपण करायचं नाही

आमच्याकडे पूर्वी मिरचीचे देठ आम्हीच खुडायचो. दिवसभर ठसका आणि हातांची आग. नागपूर जिल्ह्यात भिवापूर, कुही-मांढळकडे मिरचीचे सातरे आहेत, तिथे बाया बसून हेच काम करतात आणि खुडलेली मिरची बाजारात येते. ती महाग वाटते म्हणून लोक देठासकट घेतात. हिशोब असा करा: देठासकट मिरचीत देठाचं वजनही आपण मिरचीच्या भावाने घेतो. ते वजा करा. मग उरलेला भावातला फरक आणि किलोभर मिरची खुडायला लागणारा तुमचा वेळ समोरासमोर ठेवा. तिसऱ्या पायरीत निघालेला तासाचा आकडा इथे वापरायचा.

खुडलेली मिरची घेताना मूठभर हातात दाबून बघा. कोरडी असेल तर कडकड वाजते. नरम लागली तर घेऊ नका, पावसाळ्यात बुरशी धरते. पोत्याच्या तळाशी किती बी गळून पडलं आहे तेही बघून घ्या.

कांडपाचंही तसंच गणित. महिन्याला थोडा माल असेल तर स्वतःचा डंक, म्हणजे कांडपाचं यंत्र, घेऊन त्याची दुरुस्ती करत बसण्यापेक्षा कांडप केंद्रावर वार ठरवून घ्या. पण मसाल्याचं प्रमाण आणि भाजणं मात्र बाहेर देऊ नका. तुमचं गिऱ्हाईक त्या चवीसाठीच येतं.

६. उधारीमागे धावणं

वसुलीचे तास वहीत बघाल तेव्हा वाईट वाटेल. दुकानात गेलं की, "ताई, उद्या या ना, आत्ता गल्ला खाली आहे." उद्या गेलं की मालक नसतो.

नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या तीन वेळा रोखीनेच द्या. बिलावर तारीख आणि पैसे देण्याची मुदत छापा, क्यूआर कोडही बिलावरच ठेवा म्हणजे समोरच्याला सबब राहत नाही. मागचं बिल चुकल्याशिवाय पुढचा माल नाही, हा नियम सगळ्यांना सारखा, नातेवाइकांनाही.

मोठ्या गिऱ्हाइकांसाठी कायदा तुमच्या बाजूने आहे, पण त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, आणि करार असेल तर ठरलेल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतःहून फोन करतात.

दोन सापळे. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट फी मागतात, तिथे आधार क्रमांक देऊ नका. अडलं तर सिव्हिल लाइन्समधल्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे, तिथे विचारा. दुसरं, तुम्ही स्वतः माल न बनवता फक्त खरेदी-विक्री करत असाल तर उद्यम नोंदणी होते, पण तिचा फायदा बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. उशिरा पैसे देणाऱ्यांविरुद्धचं संरक्षण व्यापाऱ्यांना मिळत नाही.

७. कागदपत्रांना महिन्यातला एक दिवस

बिलं रोज संध्याकाळी एकाच फाइलमध्ये टाकायची आणि महिन्याच्या ठरलेल्या दिवशी अकाउंटंटकडे द्यायची. रोज थोडं-थोडं करू म्हटलं की ते रोज मनात राहतं आणि होत नाही.

जीएसटी नोंदणी असेल आणि उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाही रिटर्नची सोय आहे, कर मात्र दर महिन्याला भरावा लागतो. त्याहून सोपी कंपोझिशन योजना. माल बनवणाऱ्याला आणि व्यापाऱ्याला दीड कोटींपर्यंत, उलाढालीवर १ टक्का कर, दर तिमाहीला एक विवरण आणि वर्षाला एक रिटर्न. कागद एकदम कमी होतात. पण नागपूरकरांनी इथे थांबून विचार करावा. कंपोझिशनमध्ये राज्याबाहेर माल विकता येत नाही. आपल्याला छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, रायपूरचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईपेक्षा जवळचं. तिकडून चौकशा येत असतील तर ही योजना धंद्याची वाटच अडवते. शिवाय गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून मोठे खरेदीदारही नाक मुरडतात.

आणखी एक: मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, हे खरं. पण राज्याबाहेर करपात्र माल पाठवला की पहिल्या किलोपासून नोंदणी लागते. छिंदवाड्याला "फक्त एकदाच" पाठवतानाही आधी अकाउंटंटला विचारा.

८. फोन

दिवसातून दोन वेळा ठरवा आणि त्याच वेळी संदेशांना उत्तरं द्या. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस मोफत आहे. त्यात मालाची यादी भावासकट टाका, "भाव काय", "पत्ता काय", "माल कधी मिळेल" याची तयार उत्तरं साठवून ठेवा. ब्रॉडकास्ट पाठवाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो पोचतो, म्हणून पहिल्या बिलाच्या वेळीच नंबर सेव्ह करून घ्या.

९. वाचलेले तास लगेच कामाला लावा

मोकळा झालेला वेळ ठरवून वापरला नाही तर दुसऱ्याच महिन्यात नवीन "फ" कामं त्यात शिरतात. म्हणून तास मोकळे व्हायच्या आधीच ते कुठे जाणार हे लिहून ठेवा. आम्ही बुधवारची सकाळ फक्त नवीन गिऱ्हाइकांसाठी राखली आहे. सावजी भोजनालयं, हिंगणा रोडकडच्या कॉलेजांच्या मेस, लग्नाचे कॅटरर. नमुन्याचं १०० ग्रॅमचं पाकीट आणि छापील भावपत्रक घेऊन जायचं. भोजनालयात दुपारी बारानंतर जाऊ नका, कुणाला बोलायला फुरसत नसते. सकाळी फोडण्या बसायच्या आधी जा आणि मालकाआधी आचाऱ्याशी बोला. त्याला मसाला हातात घेऊन वास घेऊ द्या. दर काय हे तो विचारत नाही, "तिखट किती, रंग किती सोडतो" हे विचारतो, त्याची उत्तरं पाठ ठेवा.

या बुधवारांतून इतकं काम आलं, की "क" कामांनीच दिवस भरतो आणि तरी ऑर्डर मागे राहतात, तेव्हा माणूस ठेवा. ठेवताना त्याला आधी पॅकिंग आणि पोचवणं द्या, वसुली आणि नवीन गिऱ्हाईक स्वतःकडे ठेवा. प्रत्येक कामाची पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात कृती लिहून टेबलासमोर टांगा: किती ग्रॅम, सील कुठे, लेबल किती वर, खोक्यात किती नग. पहिले पंधरा दिवस त्याचा हात हळूच चालणार, आणि "दे इकडे, मी करते" म्हणावंसं वाटणार. तेव्हा उठून बाहेर जा, एखाद्या आचाऱ्याला भेटून या.